एक दाबा

आचल पुण्याला गेली तेव्हा
जुनं सिमकार्ड देव्हाऱ्यात ठेवून गेली,
हळदीच्या डबीशेजारी.
म्हणाली, तिकडे कंपनीचं मिळते.

पुंडलिक टेकाम मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवायला आला,
म्हणाला, वहिनी, एक सिम लागते.
नवीन कशाला घ्यायचं?
तेच दिलं.
तेव्हापासून विहिरीजवळच्या खोपडीत,
पत्र्याच्या पेटीत,
पालीच्या अंड्यांसोबत राहतो माझ्या पोरीचा नंबर.

नाव बदलायचं राहिलं.
खरं सांगायचं तर हर्षल बदलून देत होता,
मीच म्हटलं, असू दे.

म्हणून रात्री पाऊण वाजता लाइन आली
की उशाखाली आचल वाजते.
फोटो तोच, बारावीच्या गॅदरिंगचा,
नऊवारी नेसलेली, नथ वाकडी.
उचलला की एक बाई बोलते,
शहरातली, कधीच न झोपलेली:
थ्री फेज उपलब्ध आहे.
मोटर सुरू करण्यासाठी एक दाबा.
मी तिला हाव म्हणते आणि एक दाबते.
दीड किलोमीटरवर, नाल्यापलीकडे,
गव्हात तुषारचे नोझल फिरू लागतात
आणि मी कूस बदलते.

ह्यांना काही ऐकू येत नाही. घोरतात.
पूर्वी हेच जायचे,
बॅटरी, काठी, कानाला मफलर.
मी चहा करून द्यायची
आणि पहाटेपर्यंत कडीकडे कान लावून पडायची.
एकदा धुऱ्यावर रानडुकरानं उडवलं,
मांडीला अकरा टाके.
तर मशीनला उगाच नावं ठेवू नये माणसानं.
अंधारात काय मजा होती, हे त्यानंच सांगावं
ज्याला कधी जावं लागलं नाही.

पण हर्षलला रात्री वावराचा रस्ता सापडणार नाही.
दिवसाही सापडेल, अशी शपथ मी घेणार नाही.
त्याला वावर मोबाइलवर दिसते, वरून,
गट नंबर, हिरवा चौकोन.
परवा म्हणाला, हे पाय आई, आपलं.
मी म्हटलं, बोरीचं झाड कुठं आहे?
म्हणाला, एवढं झूम होत नाही.

सिमचा रिचार्ज आचलच मारते तिकडून,
अठ्ठावीस दिवसांनी, न चुकता.
मोटर रोज फोन करते.
पोरगी रविवारी.
तिचा नवा नंबर मी 'आचल २' म्हणून ठेवला,
जशी दुसरीच कोणी.

मागच्या आठवड्यात लाइन दिवसाची होती.
तरी मंगळवारी रात्री फोन वाजला.
झोपेत उचलला, न पाहता,
बाई बोलायच्या आधीच एक दाबलं.
पलीकडून काहीच नाही.
मग,
"काय दाबून राह्यली वं, आई?"
"तू होय? मले वाटलं मोटर."
ती हसली. लय वेळ हसली.
हसण्याच्या शेवटी नाक ओढलं,
ते मला ऐकू आलं.

"जेवली?"
"हाव."
"थंडी हाये तिकडं?"
"हाये थोडी. गहू?"
"ओंबीवर हाये."
असं वीस मिनिटं.
विचारायचं ते मी विचारलं नाही.
तुषार यायच्या आधी दांडानं पाणी द्यायचो आम्ही;
सरीच्या टोकाला पोचायला त्याला वेळ लागतो,
मध्येच फावडं घालून चालत नाही.
टोकापर्यंत आलं नाही ते त्या रात्री.
"ठेवते, माय," म्हणाली, "सकाळची शिफ्ट हाये."

सकाळी दात घासता घासता ह्यांनी विचारलं,
रात्री कोणाचा फोन होता?
मोटरचा, मी म्हटलं.
लाइन तर दिवसाची हाये, म्हणाले,
चूळ भरली,
आणि तांब्या हातात घेऊन
तसेच उभे राहिले अंगणात,
थोडा वेळ.